ट्रायलचा खर्च भंगारात लिहू नका: लहान कारखान्यानं संशोधनाचं बजेट कसं बांधावं

संभाजीनगरजवळच्या वाळूजमधल्या एका कारखान्यात मी काही वर्षं कॉस्टिंगचं, म्हणजे खर्चाच्या हिशेबाचं काम बघायचो. ॲल्युमिनियमचे भाग ओतायचा धंदा. एका कव्हरनं आमचा जीव खाल्ला होता. बाहेरून पीस चकचकीत, पण मशिनिंगला गेला की आतले ब्लो होल, म्हणजे अडकलेल्या हवेच्या पोकळ्या, उघडे पडायचे. डाय, म्हणजे ओतायचा साचा, बदलत बदलत तेरा ट्रायल झाल्या, तेराव्याला पीस निघाला, पेढे वाटले. धातू, यंत्राचे तास, डायची दुरुस्ती असा सगळा खर्च माझ्या टेबलावर आला आणि मी तो शिरस्त्याप्रमाणे 'रिजेक्शन व भंगार' खात्यात टाकून मोकळा झालो.

तीन वर्षांनी जवळपास तसाच दुसरा भाग आला. डायचं काम करणारा मिस्त्री तोवर चाकणला गेला होता. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. या वेळी अकरा ट्रायल लागल्या. सातवी चालू असताना जुने सुपरवायझर जवळ आले, डायकडे बघितलं आणि म्हणाले, "साहेब, इथं हवा अडकायलीय. मागं बी हेच झालतं."

कंपनीनं एकदा शिकण्याचे पैसे मोजले होते. ते शिकलेलं मी भंगारात जमा केलं, म्हणून तिला तेच पुन्हा विकत घ्यावं लागलं. त्यानंतर संशोधनाच्या खर्चाकडे माझं बघणं बदललं. पुढचं सगळं त्या बदललेल्या नजरेनं लिहिलं आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, जालन्याची स्टीलची वसाहत, लातूरच्या डाळमिली, नांदेडचे लहान कारखाने अशा पाच ते शंभर कोटी उलाढालीच्या आणि संशोधन विभागाची पाटी नसलेल्या मालकांसाठी ते आहे.

आधी हे समजून घ्या: पैसा कुठे मुरतो

संशोधनावर खर्च केला की नवं उत्पादन निघतं, असा सरळ नळ कुठेही जोडलेला नसतो. जगातल्या सर्वाधिक संशोधन खर्च करणाऱ्या हजार कंपन्यांचा बूझ ॲलन या सल्लागार कंपनीनं २००५ पासून वर्षानुवर्षं अभ्यास केला. खर्चाचा आकडा आणि कंपनीची आर्थिक कामगिरी यांत ठोस संबंध त्यांना सापडला नाही. मग खर्च करायचाच कशाला?

कारण या पैशानं तीन वेगळ्या गोष्टी विकत मिळतात. पहिली म्हणजे चुकण्याची परवानगी. रोजच्या उत्पादनात चूक म्हणजे रिजेक्शन, पण ट्रायलमध्ये तीच चूक म्हणजे माहिती. दुसरी म्हणजे बाहेरचं ज्ञान पचवण्याची ताकद. कोहेन आणि लेव्हिन्थल या दोन अभ्यासकांनी १९८९-९० मध्ये हे नीट मांडलं: जी कंपनी स्वतः थोडंफार संशोधन करते, तिलाच दुसऱ्याचं संशोधन कळतं आणि वापरता येतं. परदेशी तंत्रज्ञान विकत आणून ते धूळ खात पडलेले कारखाने आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. उलट बाजूचं उदाहरण आपल्याच गावात आहे. वाहनांचे भाग बनवणारी एन्ड्युरन्स १९८५ साली ॲल्युमिनियम डायकास्टिंगपासून सुरू झाली. पुढे सस्पेन्शन, क्लच, ब्रेक अशा स्वतःच्या डिझाईनच्या वस्तूंकडे वळली आणि २०२० मध्ये तिनं इटलीतल्या आडलर व ग्रिमेका या क्लच आणि ब्रेकमधल्या कंपन्या घेतल्या. तोवर घरात क्लच-ब्रेकचं डिझाईन समजणारी माणसं तयार होती, म्हणून घेतलेलं पचवता येतं.

तिसरी गोष्ट म्हणजे सौदा करण्याची जागा. ड्रॉइंग गिऱ्हाईकाचं, माल त्यानं सांगितलेला आणि दरवर्षी किंमत थोडी कमी करा असा तगादा, या चक्रात अडकलेल्या वेंडरच्या हातात फक्त मजुरीचा दर उरतो. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला आला, त्याच्याभोवती शेकडो वर्कशॉप उभी राहिली, आणि त्यातल्या बहुतेकांची आजही हीच कथा आहे. पीस कसा असावा यावर ज्याला बोलता येतं, त्याच्याशी खरेदी विभाग वेगळ्या सुरात बोलतो.

जालन्याच्या रस्त्यावरचा धडा

पहिला रुपया घालण्याआधी आणखी एक प्रश्न विचारा: शोध लागला तर त्याचा फायदा माझ्याकडे राहील का?

याचं उत्तर जालना-संभाजीनगर रस्त्यावर मिळतं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली. याच बियाण्याच्या कामासाठी १९९८ चं जागतिक अन्न पारितोषिक त्यांना मिळालं. महिकोचा जोर राहिला संकरित वाणांवर, कारण संकरित कपाशीचं बी घरचं धरून पुढच्या वर्षी पेरलं तर पीक एकसारखं येत नाही. शेतकऱ्याला दरवर्षी दुकानात यावंच लागतं आणि त्यातून संशोधनाचा खर्च वसूल होतो. त्याच भागात बदनापूरला परभणीच्या कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. बीडीएन-७११ ही तूर तिथली. परभणीच्या एमएयूएस मालिकेतलं सोयाबीन मराठवाडाभर पेरलं जातं. सोयाबीनचं बी शेतकरी घरी राखतो, शेजाऱ्याला देतो. शेतकऱ्याच्या दृष्टीनं फारच चांगली गोष्ट, पण खासगी कंपनीचा पैसा त्यात परत येणं कठीण. म्हणून तिथं संशोधनाचं ओझं मुख्यतः विद्यापीठानं उचललं.

कारखान्यालाही हाच नियम लागू. तुमचा शोध कपाशीसारखा आहे की सोयाबीनसारखा? बाजारात गेल्या दिवशीच कोणी तो उघडून नक्कल करणार असेल, तर खर्च करण्याआधी राखणीची सोय बघा. नाहीतर तो विषय महाविद्यालय, क्लस्टर किंवा चार कारखाने मिळून करा.

पहिली पायरी: मागच्या वर्षाची वही चाळा

नवा खर्च सुरू करण्याआधी जुना शोधा. टूल रूमची बिलं, भंगाराची नोंद, बाहेरच्या चाचण्यांची बिलं, नमुन्यांची कुरिअर पावती हे सगळं एका बाजूला काढा. मग प्रत्येक नोंदीला पाच प्रश्न विचारा. हे प्रश्न ओईसीडी या प्रामुख्यानं विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या फ्रास्काटी नियमावलीतून आले आहेत आणि जगभर संशोधनाची मोजदाद त्यावरच होते: यात काही नवं होतं का? डोकं चालवावं लागलं का? निकाल आधी माहीत नव्हता का? काम ठरवून, टप्प्याटप्प्यानं झालं का? आणि दुसऱ्या माणसाला ते पुन्हा करता येईल असं राहिलं का?

नवं सीएनसी यंत्र घेणं हे संशोधन नाही, खरेदी आहे. गिऱ्हाईकानं ड्रॉइंगमध्ये दोन मिलिमीटर बदलले, आपण तसं करून दिलं, तेही नाही. रोजची तपासणी नाहीच नाही. पण कमी तापमानाला बसणाऱ्या पावडर कोटिंगच्या सहा ट्रायल, तुरीच्या डाळीचा तुकडा कमी व्हावा म्हणून भिजवण्याची वेळ बदलून घेतलेल्या फेऱ्या, भट्टीच्या अस्तरात केलेले बदल, हे सगळं संशोधनच.

माझ्या अनुभवात पाचव्या प्रश्नावर जवळपास सगळे नापास होतात. काम झालेलं असतं, पैसे गेलेले असतात, लिहिलेलं काहीच नसतं.

दुसरी पायरी: एकच दुखणं निवडा

रिजेक्शनचं रजिस्टर, गिऱ्हाईकाच्या तक्रारी आणि खरेदीचं खातं, या तीन ठिकाणी बघा. जे दुखणं तिन्हीकडे दिसतं ते उचला. नवी कल्पना शोधायला हॉटेलात बैठक भरवण्याची गरज नाही. शॉप फ्लोअरवरच्या माणसांना विचारा, आणि विचारताना हातात पेन ठेवा. लिहून घेतलं जातंय हे दिसलं की लोक खरं बोलतात.

पहिल्या वर्षी दोन विषय घेऊ नका. हौस असते, कळतं मला, पण नका.

तिसरी पायरी: आकडा ठरवा आणि फोडा

भारताचा एकूण संशोधन खर्च २०२०-२१ मध्ये देशाच्या सकल उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता आणि त्यात खासगी उद्योगाचा वाटा निम्म्याहून बराच कमी. दक्षिण कोरिया पाच टक्क्यांच्या आसपास खर्च करतो आणि तिथं बहुतांश पैसा कंपन्यांचाच असतो. पण हे आकडे बघून घाबरूही नका आणि उडीही मारू नका. उलाढालीच्या एक टक्क्यापासून सुरुवात करा. समजा उलाढाल वीस कोटी आहे, म्हणजे वर्षाला वीस लाख. ते मी असे फोडेन:

- एक तरुण इंजिनियर, पूर्ण वेळ: ६ लाख
- अनुभवी मिस्त्रीचा अर्धा वेळ: २ लाख
- ट्रायलचा माल आणि यंत्राचे तास: ६ लाख
- डाय, फिक्स्चरमधले बदल: २.५ लाख
- बाहेरच्या प्रयोगशाळेतल्या चाचण्या: २.५ लाख
- पेटंट, प्रवास, इतर: १ लाख

दोन ओळींवर मालक हमखास कात्री लावतात. एक म्हणजे मिस्त्री. इंजिनियरला संगणक येतो, मिस्त्रीला धातू कळतो, आणि दोघं एकत्र नसतील तर सहा लाख वाया जातात. दुसरी ओळ यंत्राच्या तासांची, आणि खरी लढाई तिथेच आहे.

महिनाअखेर आली, डिस्पॅच अडलंय, प्रॉडक्शन मॅनेजर तापलेला आहे. अशा वेळी ट्रायलला यंत्र कोण देणार? कोणी देत नाही. ट्रायल पुढच्या आठवड्यावर जाते, मग पुढच्या महिन्यावर, आणि दिवाळीपर्यंत इंजिनियर डिस्पॅचच्या चलनावर सह्या करायला बसलेला असतो. हे मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की आता कारखान्यात गेलो की आधी विचारतो: ट्रायलची शिफ्ट कोणती? ठरलेली शिफ्ट नसेल तर बजेट फक्त कागदावर आहे. उपाय दोन आहेत. आठवड्यातली एक शिफ्ट किंवा तिचे चार तास ट्रायलच्या नावानं बांधून टाका, ते रद्द करायला मालकाची सही लागेल असं ठेवा. आणि त्या तासांचा खर्च उत्पादन विभागाच्या माथी न मारता संशोधनाच्या खात्यात टाका. प्रॉडक्शन मॅनेजरचे आकडे त्याच्यामुळे बिघडत नाहीत हे कळलं की त्याचा अर्धा विरोध मावळतो.

आकडा मोठा असण्यापेक्षा तो सलग असणं जास्त महत्त्वाचं. एक वर्ष चाळीस लाख आणि पुढची दोन वर्षं शून्य, यापेक्षा तिन्ही वर्षं बारा-बारा लाख बरे. खर्च थांबला की माणूस जातो आणि माणसाबरोबर डोक्यातलं सगळं जातं.

चौथी पायरी: टप्पे आणि कुलपं

पैसे एकदम सोडू नका. आधी टेबलावरची चाचणी, मग दहा-वीस पीस, मग एका शिफ्टचा लॉट, मग गिऱ्हाईकाची मंजुरी. प्रत्येक टप्प्याला खर्च आधीपेक्षा कितीतरी पट वाढतो, म्हणून फसायचं असेल तर पहिल्या दोनांत फसलेलं परवडतं. प्रत्येक टप्प्याआधीच कागदावर लिहा: कोणता आकडा आला तर पुढे जायचं आणि कोणता आला तर थांबायचं. नंतर ठरवू म्हणालात तर कधीच थांबणार नाही, कारण तोवर मालकाचा जीव त्यात गुंतलेला असतो.

टप्पे किती लांबू शकतात याचा अंदाज असावा म्हणून सांगतो. संभाजीनगरात संशोधन केंद्र असलेल्या वोक्हार्टचं नॅफिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक २०२४ मध्ये जाहीर झालं, तेव्हा त्यामागे सुमारे १४ वर्षं आणि ५०० कोटी रुपये होते. औषधाचा धंदा वेगळा, आपल्याला इतका दम नाही आणि लागतही नाही. पण 'सहा महिन्यांत रिझल्ट द्या' म्हणणाऱ्या संचालकाला हे ऐकवायला हरकत नाही.

पाचवी पायरी: ट्रायलची वही

दोनशे पानी, बांधीव, पानांना क्रमांक असलेली वही. एक्सेलही चालेल, पण पहिल्या वर्षी वहीच बरी. ती यंत्राजवळ राहते आणि तिला पासवर्ड लागत नाही. प्रत्येक ट्रायलला चार ओळी: तारीख आणि कोण हजर होतं, काय बदललं, काय होईल असं वाटलं होतं, काय झालं. तिसरी ओळ लोक गाळतात. ती गाळू नका, कारण अंदाज आणि निकाल यांच्यातल्या फरकातच शिकणं असतं.

एका वेळी एकच गोष्ट बदला, असं शाळेत शिकवतात. ओतकामात तापमान, दाब, वेग सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं, तिथं हे पुरत नाही. अशा वेळी तागुची पद्धतीनं थोडक्या फेऱ्यांत अनेक बदल तपासता येतात. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलाला ती येते, त्याच्याकडून तक्ता करून घ्या.

सहावी पायरी: प्रयोगशाळा उसनी घ्या

स्वतःचं महागडं चाचणी यंत्र पहिल्या तीन वर्षांत घेऊ नका. आपल्याकडे सोयी आहेत, वापर कमी आहे. डाय आणि टूलसाठी चिकलठाण्याचं इंडो-जर्मन टूल रूम, प्लॅस्टिकसाठी सिपेट, वाळूजला मराठवाडा ऑटो क्लस्टर, जालन्यात मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं केंद्र, नांदेडला गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था, शेती-प्रक्रियेसाठी परभणी. नव्या कल्पनेला आधार हवा असेल तर सीएमआयए या मराठवाड्यातल्या उद्योजकांच्या संघटनेच्या पुढाकारातून उभं राहिलेलं 'मॅजिक' आहे. वाहनाच्या भागाचं प्रमाणपत्र लागलं तर पुण्याची एआरएआय ही वाहन संशोधन संस्था.

महाविद्यालयाकडे जाताना त्यांचं कॅलेंडर पाळा. शेवटच्या वर्षाचे प्रकल्प जुलै-ऑगस्टमध्ये ठरतात. तुम्ही जानेवारीत गेलात तर प्राध्यापक चहा पाजतील, बाकी काही नाही. आणि काम सुरू होण्याआधी एक पानी करार करा: निकाल कोणाचे, मुलांना प्रबंधात काय छापता येईल, पेटंटवर नावं कोणाची. ओळखीतला प्राध्यापक आहे म्हणून हे टाळू नका. ओळख टिकवायची असेल तर उलट लिहूनच ठेवा.

सातवी पायरी: हिशेब आणि कर

संशोधनाला वेगळं खातं आणि वेगळा कॉस्ट सेंटर. हिशेबाच्या मानकाप्रमाणे 'संशोधन' टप्प्याचा खर्च त्याच वर्षी खर्ची पडतो. 'विकास' टप्प्याचा खर्च मात्र मालमत्ता म्हणून दाखवता येतो, पण त्यासाठी काम तांत्रिकदृष्ट्या पूर्ण होऊ शकतं, ते विकायचा किंवा वापरायचा इरादा आहे, पुरेसा पैसा आहे आणि खर्च नीट मोजता येतो, हे दाखवावं लागतं. वही नसेल तर यातलं काहीच दाखवता येत नाही.

कराबद्दल जुन्या गप्पांवर जाऊ नका. डीएसआयआर या केंद्र सरकारच्या संशोधन विभागाची मान्यता असलेल्या संशोधन केंद्राच्या खर्चावर दुप्पट वजावट मिळायची, हे खरं होतं. ती २०१७ च्या एप्रिलपासून दीडपट झाली आणि २०२० च्या एप्रिलपासून शंभर टक्क्यांवर आली. धंद्याशी संबंधित संशोधनाचा चालू खर्च पूर्ण वजा होतो आणि जमीन सोडून भांडवली खर्चही त्याच वर्षी. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा सीएंकडे जुनं कलम घेऊन जाऊ नका, वही घेऊन जा.

आठवी पायरी: राखण

वस्तू उघडून नक्कल करता येत असेल तर पेटंट किंवा डिझाईन नोंदणी. दाराआडची प्रक्रिया असेल, जसं तापमानाचा क्रम किंवा मिश्रणाचं प्रमाण, तर गुपित ठेवणं बहुतेक वेळा बरं, कारण पेटंटमध्ये सगळं उघड लिहावं लागतं. तात्पुरता अर्ज आधी करून पूर्ण अर्जाला बारा महिने मिळतात. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी लहान उद्योगाला १,६०० रुपये, मोठ्याला ८,००० रुपये. एजंटची फी वेगळी आणि खरा खर्च तोच. एमएसएमई इनोव्हेटिव्ह योजनेत देशी पेटंटसाठी एक लाखापर्यंत परतफेडीची तरतूद आहे, ती बघा.

आणि हे लक्षात ठेवा: अर्ज करण्याआधी वस्तू प्रदर्शनात मांडू नका. व्हॉट्सॲप स्टेटसला तर मुळीच नाही.

वर्षाअखेरीस काय मोजायचं

पहिल्या वर्षी नफा मोजू नका, दिसणार नाही. महिन्याला किती ट्रायल झाल्या आणि सुचल्यापासून ट्रायलपर्यंत किती दिवस लागले, एवढं पुरे. तिसऱ्या वर्षापासून एक आकडा धरा: गेल्या तीन वर्षांत आणलेल्या किंवा सुधारलेल्या मालाचा एकूण विक्रीतला वाटा. तो हलत नसेल तर विषय चुकला आहे. बजेट वाढवून उपयोग नाही, दुसऱ्या पायरीवर परत जा.

मार्चमध्ये वही उघडाल तेव्हा तीसेक नोंदी असतील आणि त्यातल्या वीस-बावीस फसलेल्या. पुढच्या वेळी गिऱ्हाईकाचे डिझाईनचे लोक कारखान्यात आले की त्यातली दोन पानं त्यांना दाखवा, कोणती ते आधी ठरवून. खरेदी विभागाच्या माणसाला दाखवू नका, तो पहिल्यांदा विचारेल की मग आता दर किती कमी करताय.